त्याचा स्कोअर ७६०, तिची पाटी कोरी!

लग्न करून अमेरिकेला निघालेल्यांच्या बॅगेत गोडा मसाला असतो, प्रेशर कुकर असतो, भाजणीही असते. इथे कमावलेली ‘पत’ मात्र विमानात चढत नाही. तिकडे ती पहिल्यापासून कमवावी लागते. त्यात जोडीदाराने नेमकी काय मदत करायची?

‘अमेरिकेतलं स्थळ’ म्हटलं की घरातल्या सगळ्यांचे कान टवकारतात. मुलगा काय करतो, पगार किती, व्हिसा कुठला, ग्रीन कार्डची लाइन कुठवर आलीय, सगळं विचारून होतं. एक प्रश्न मात्र कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात कुणीच विचारत नाही. ‘तिकडे गेल्यावर माझ्या स्वतःच्या नावावर काय असेल?’

दागिने नि घराबद्दल नाही बोलत आपण. बोलतोय क्रेडिटबद्दल.

समजा, पुण्यातली एक मुलगी आहे. इंजिनीअर झाली, तीन वर्षं हिंजवडीत नोकरी केली. स्वतःचं क्रेडिट कार्ड, गाडीचा एकही ईएमआय चुकलेला नाही, सिबिल स्कोअर ७८०. मग लग्न झालं आणि ती न्यू जर्सीला गेली. पहिल्याच आठवड्यात मोबाइलचं पोस्टपेड कनेक्शन घ्यायला दुकानात गेली. काउंटरवरच्या माणसाने कॉम्प्युटरमध्ये माहिती टाकली आणि म्हणाला, तुमची काहीच हिस्टरी दिसत नाही, डिपॉझिट भरा किंवा प्रीपेड घ्या. मग क्रेडिट कार्डचा अर्ज केला, तो नामंजूर. कारण? फाइलच सापडत नाही.

तिचा स्कोअर वाईट आहे का? अजिबात नाही. तिला स्कोअरच नाही! तिकडच्या यंत्रणेच्या लेखी ही मुलगी कालपर्यंत अस्तित्वातच नव्हती. आणि शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याचा स्कोअर आहे ७६०.

ही मुलगी काल्पनिक असली तरी अडचण अगदी खरी आहे. तुमच्यापैकी काहीजण एमएस करायला जातील, काहीजण लग्न करून. इथून पुढे सोयीसाठी ‘ती’ म्हणू, पण बायकोच्या नोकरीमुळे डिपेंडंट व्हिसावर जाणारे नवरेही आता कमी नाहीत. त्यांनाही हे सगळं जसंच्या तसं लागू आहे.

आपली पत आणि त्यांचा स्कोअर

पत हा आपल्याकडचा जुना शब्द. किराणा दुकानातली उधारीची वही आठवा. दुकानदार तुम्हाला उधार देतो कारण त्याला तुमचे आजोबा माहीत असतात. पतसंस्थेत कर्ज मागायला गेलं की जामीनदार लागतो, तो ओळखीतलाच कुणीतरी काका असतो. म्हणजे आपल्याकडे पत बऱ्याचदा घराण्याची असते. लग्न होऊन घरात आलेल्या सुनेलाही ती आपोआप मिळते. ‘अमक्यांची सून ना? न्या हो, पैसे कुठे पळून जातायत!’

अमेरिकेत असं चालत नाही. तिथे प्रत्येक माणसाची वेगळी फाइल. ती सांभाळतात तीन मोठ्या कंपन्या: इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन. गंमत बघा, आपल्या सिबिलचं आजचं पूर्ण नाव ‘ट्रान्सयुनियन सिबिल’ आहे. कंपनीचं नाव तेच, तरी इथली फाइल तिथे आपोआप जात नाही.

या फाइलमधल्या माहितीवरून स्कोअर निघतो. सगळ्यात जास्त वापरला जाणारा स्कोअर म्हणजे फायको. १९८९ मध्ये तो आला. ३०० ते ८५० या पट्ट्यात तो मोजतात. त्यात ३५ टक्के वजन बिलं वेळेवर भरली का याला, ३० टक्के किती उधारी अंगावर आहे याला, १५ टक्के हिस्टरी किती जुनी आहे याला. उरलेले १०-१० टक्के नवीन खाती किती उघडली आणि कर्जाचे प्रकार किती याला.

लग्न झालं म्हणून दोघांच्या फाइल्स एक होत नाहीत. नवऱ्याचा स्कोअर बायकोला लागत नाही, बायकोचा नवऱ्याला लागत नाही. मॅरेज सर्टिफिकेट दाखवून यात काडीचाही फरक पडत नाही.

आणि हा स्कोअर फक्त कर्जासाठी लागतो असंही नाही. भाड्याने घर देताना घरमालक क्रेडिट तपासतो. विजेचं, गॅसचं कनेक्शन घेताना स्कोअर नसेल तर डिपॉझिट मागतात. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, हवाई अशी मोजकी राज्यं सोडली तर गाडीच्या इन्शुरन्सचा हप्तासुद्धा क्रेडिट हिस्टरी बघून ठरू शकतो. म्हणजे गाडी तुम्ही कितीही नीट चालवा, फाइल कोरी असेल तर हप्ता चढा लागण्याची शक्यता असतेच.

‘आम्ही कर्ज काढत नाही हो’

मराठी घरात वाढलेल्या मुलांना इथे पहिला धक्का बसतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऋण काढून सण करू नये, हे आपण ऐकतच मोठे होतो. कर्ज नसणं ही आपल्याकडे अभिमानाची गोष्ट. तिकडे मात्र कधीच उधार न घेतलेला माणूस बँकेसाठी अनोळखी असतो. फेडायची सवय आहे की नाही, हे बँकेने ओळखायचं कशावरून?

म्हणून नव्याने गेलेली बायको डेबिट कार्डने सगळं करत राहिली, रोख देत राहिली, तर दोन वर्षांनीही तिची पाटी कोरीच राहील. बँकेत जॉइंट खातं आहे, त्यात भरपूर पैसे आहेत, याचाही उपयोग नाही. बचत खात्यातली शिल्लक क्रेडिट ब्युरोकडे जातच नाही.

मग आईबाबांची शिकवण सोडायची का? मुळीच नाही. खर्च तेवढाच करायचा, फक्त वाट बदलायची. जो किराणा डेबिट कार्डने घेणार होतात, तो क्रेडिट कार्डने घ्या आणि बिल आलं की पूर्ण भरा. पूर्ण म्हणजे पूर्ण. थोडी बाकी ठेवली की स्कोअर वाढतो, असं सांगणारे बरेच भेटतील. ते साफ चूक आहे. बाकी ठेवली की व्याज लागतं, स्कोअरला त्याचा फायदा शून्य. एक डॉलरही व्याज न देता उत्तम स्कोअर बनतो.

घोडं अडतं कुठे? नंबरपाशी!

आपल्याकडे पॅन, तसं तिकडे सोशल सिक्युरिटी नंबर. थोडक्यात एसएसएन. बहुतेक बँका कार्डाच्या अर्जात पहिल्यांदा तोच मागतात. एच-१बी वर नोकरी करणाऱ्याला तो मिळतो. पण त्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर काम करायची परवानगी नसते आणि कामाची परवानगी नाही म्हणजे सहसा एसएसएनही नाही.

यात काही सुटका आहेत. नवऱ्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया एका ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचली असेल, तर एच-४ वरच्या जोडीदाराला वर्क परमिट मागता येतं. हा नियम २०१५ पासून आहे. कंपनीने बदली करून एल-१ वर पाठवलं असेल, तर एल-२ वरच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून व्हिसाच्या दर्जामुळेच काम करता येतं. त्यामुळे ‘व्हिसा कुठला’ हा मामांचा प्रश्न अगदीच फालतू नसतो बरं का!

ज्यांना एसएसएन मिळत नाही त्यांच्यासाठी दुसरा नंबर आहे. आयटीआयएन. हा कर भरण्यासाठीचा नंबर, तिकडचं आयकर खातं म्हणजे आयआरएस देतं. नऊ आकडी असतो आणि ९ ने सुरू होतो. नवरा-बायको एकत्र टॅक्स रिटर्न भरतात तेव्हा त्या रिटर्नसोबत डब्ल्यू-७ नावाचा फॉर्म जोडून तो मागतात. सोबत ओळखीसाठी पासपोर्ट लागतो. मूळ पासपोर्ट पोस्टाने पाठवायची धास्ती वाटत असेल, तर आयआरएसच्या ठरावीक कार्यालयात किंवा आयआरएसने मान्यता दिलेल्या एजंटकडे जाऊन तो तपासून घेता येतो. नंबर यायला साधारण सात आठवडे, टॅक्सच्या सीझनमध्ये त्याहून जास्त.

आयटीआयएनने काम करायची परवानगी मिळत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. पण काही मोठ्या बँका या नंबरवर क्रेडिट कार्ड देतात. दार किलकिलं होतं ते इथून.

पायरी पहिली: त्याच्या कार्डावर तिचं नाव

नंबर यायच्या आधीही एक गोष्ट करता येते. नवऱ्याने आपल्या जुन्या क्रेडिट कार्डावर बायकोला ‘ऑथराइज्ड यूजर’ करायचं. आपल्याकडे ज्याला अ‍ॅड-ऑन कार्ड म्हणतात, तेच. बायकोच्या नावाचं कार्ड येतं, बिल भरायची जबाबदारी मात्र नवऱ्याचीच राहते.

फायदा असा की, त्या कार्डाची हिस्टरी सहसा बायकोच्या फाइलमध्येही दिसू लागते. कार्ड पाच वर्षं जुनं असेल आणि एकही बिल चुकलं नसेल, तर तिची फाइल कोऱ्या पानाऐवजी पाच वर्षांच्या चांगल्या नोंदीने उघडू शकते.

पण डोळे झाकून करू नका. तीन गोष्टी आधी तपासा.

एक, बँक ऑथराइज्ड यूजरची माहिती तिन्ही ब्युरोंना कळवते का? आणि एसएसएन नसलेल्या माणसाचीही कळवते का? काही बँका नाव आणि जन्मतारखेवर कार्ड देतात, पण नंबर नसल्यामुळे ती नोंद योग्य फाइलला जाऊन चिकटतेच असं नाही. कस्टमर केअरला फोन करून सरळ विचारायचं.

दोन, नवऱ्याचं कुठलं कार्ड निवडायचं? सगळ्यात जुनं, कधीही न चुकलेलं आणि ज्यावर उधारी कमी आहे ते. ८ हजार डॉलर लिमिट असलेल्या कार्डावर ६ हजारांची उधारी असेल, तर वापर झाला ७५ टक्के. हे ओझं मग बायकोच्या फाइलवरही दिसेल. वापर ३० टक्क्यांच्या आत हवा, जितका कमी तितका चांगला.

तीन, पुढे नवऱ्याने बिल चुकवलं तर? तिच्या फाइलवरही डाग. तसं झालं तर तिने लगेच त्या कार्डावरून आपलं नाव काढून घ्यावं.

पायरी दुसरी: तिचं स्वतःचं कार्ड

बरीच जोडपी पहिल्या पायरीवर थांबतात. कार्ड मिळालं, खरेदी सुरू झाली, आता काय अडलंय! पण अ‍ॅड-ऑन कार्ड म्हणजे दुसऱ्याच्या सायकलवर डबलसीट. पोहोचता खरं, पण हँडल तुमच्या हातात नसतं. कर्ज देणाऱ्या बँकाही हे ओळखून असतात. फाइलमध्ये फक्त ऑथराइज्ड यूजरच्या नोंदी असतील, तर त्यांना त्या बऱ्याचदा पुरेशा वाटत नाहीत.

म्हणून आयटीआयएन किंवा एसएसएन हातात आला की ‘सिक्युअर्ड कार्ड’ घ्यायचं. आपल्याकडे एफडीवर क्रेडिट कार्ड मिळतं ना, त्यातलाच प्रकार. समजा ३०० डॉलर डिपॉझिट ठेवलं, तर बहुतेक वेळा लिमिटही ३०० डॉलरच. बँकेला धोका नाही म्हणून हिस्टरी नसली तरी कार्ड मिळण्याची शक्यता चांगली. काही महिने नीट वापरलं की बऱ्याच बँका डिपॉझिट परत करून साधं कार्ड देतात.

‘पण मला पगारच नाही, उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहू?’ हा प्रश्न इथे येतोच. २०१३ मध्ये तिकडच्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने यावर नियम बदलला. वय २१ किंवा त्याहून जास्त असेल, तर जोडीदाराच्या ज्या उत्पन्नातून तुम्ही खरोखर खर्च करू शकता, ते कार्डाच्या अर्जात धरता येतं. म्हणजे घर सांभाळणारी बायकोही घरातलं उत्पन्न दाखवून स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते. हा नियम माहीत नसल्यामुळे शून्य लिहून अर्ज केला, तर तो नामंजूर होणारच.

कार्ड आलं की वापरायचं कसं? अगदी बोअरिंग पद्धतीने! ३०० डॉलर लिमिट आहे तर ३० टक्के म्हणजे ९० डॉलर. तिचं मोबाइलचं बिल आणि थोडीफार भाजी एवढंच त्यावर टाका. बिल निघतं त्या तारखेला जी रक्कम दिसते, तीच सहसा ब्युरोला कळवली जाते. त्यामुळे कधी जास्त खर्च झाला, तर बिल निघायच्या आधीच थोडे पैसे भरून टाका. आणि पहिल्या दिवशी ऑटो-पे लावा, तेही पूर्ण रकमेचं. बिल ३० दिवसांहून जास्त थकलं की ते फाइलवर नोंदलं जातं आणि ही नोंद तब्बल सात वर्षं राहते. एका विसरलेल्या भाजीच्या बिलासाठी सात वर्षं!

पायरी तिसरी: थांबा

ही सगळ्यात अवघड. फायको स्कोअर निघायला किमान एक खातं सहा महिने जुनं असावं लागतं. त्या सहा महिन्यांत दुकानात गेलं की ‘आमचं कार्ड घ्या, आज २० टक्के डिस्काउंट’ असं काउंटरवर म्हणतील. हसून नाही म्हणायचं. प्रत्येक अर्जाबरोबर फाइलवर चौकशीची नोंद होते, ती दोन वर्षं दिसते. नव्या फाइलला अशा पाच-सहा नोंदी बऱ्या नाहीत.

सहा महिने ते वर्षभराने दुसरं साधं कार्ड घेता येईल. हवं तर ‘क्रेडिट बिल्डर लोन’. हा मजेशीर प्रकार आहे. कर्जाची रक्कम बँक तुम्हाला देतच नाही, बाजूला ठेवते. तुम्ही दरमहा हप्ते भरता, शेवटी ती रक्कम हातात येते. आपल्या रिकरिंग डिपॉझिटसारखंच, फक्त हप्ते भरल्याची नोंद ब्युरोकडे जाते. यात थोडं व्याज आणि फी जाते, त्यामुळे कार्ड नीट चालू असेल तर याची गरज पडेलच असं नाही.

पुढे वर्क परमिट मिळालं, एसएसएन आला, तर आयटीआयएनवरची हिस्टरी आपोआप तिकडे सरकत नाही. कार्डाच्या बँकेला आणि तिन्ही ब्युरोंना नवा नंबर कळवायचा. आयआरएसलाही कळवायचं. नाहीतर एकाच मुलीच्या दोन अर्धवट फाइल्स फिरत राहतात. आणि ते पहिलं छोटं कार्ड वार्षिक फी नसेल तर बंद करू नका. तुमची सगळ्यात जुनी हिस्टरी तीच आहे.

नावाची भानगड

ही खास आपली, मराठी अडचण. आपल्याकडे मधलं नाव लग्नाआधी वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं. पासपोर्टवर हे मधलं नाव पहिल्या नावाच्या रकान्यातच जोडून येतं. मग एका कार्डावर फक्त पहिलं नाव, दुसऱ्यावर पहिलं आणि वडिलांचं, तिसऱ्यावर नवऱ्याचं आडनाव. स्पेलिंगमध्ये कुठे एक ‘ए’ तर कुठे दोन. आपल्याला कळतं, ही एकच मुलगी. तिकडच्या कॉम्प्युटरला त्या तीन वेगळ्या बायका वाटू शकतात.

त्यामुळे लग्नानंतर नाव बदलायचं की नाही, हा निर्णय निघायच्या आधी घ्या. कुठलाही घ्या, पण एकच. पासपोर्टवर जे असेल तेच बँकेत, टॅक्स रिटर्नवर, लायसन्सवर आणि भाडेकरारावर. पत्ता लिहिण्याची पद्धतही एकच ठेवा.

मदत कुणी आणि किती करायची?

‘तू कशाला टेन्शन घेतेस? माझं कार्ड आहे ना!’ नवरे हे प्रेमानेच म्हणतात. पण या एका वाक्यामुळे कित्येक जणींची पाटी वर्षानुवर्षं कोरी राहते. खरी मदत वेगळी असते. अर्ज भरताना शेजारी बसा, पण टाइप तिला करू द्या. कार्डाचं अ‍ॅप तिच्या फोनमध्ये, ईमेल तिचा, पासवर्ड तिला माहीत. दर महिन्याला बिल तिने बघायचं, तिने भरायचं. पैसे घरातल्या एकाच खात्यातून गेले तरी हरकत नाही, नोंद तिच्या नावाने होतेय हे महत्त्वाचं.

आणि मदत एकतर्फी नको. तिनेही त्याची फाइल बघायला मागावी. अ‍ॅन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम या अधिकृत साइटवर तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट दर आठवड्याला फुकट बघता येतात. रविवारी चहा पिताना दोघांनी आपापले रिपोर्ट उघडावेत. त्याच्यावर शिक्षणाचं किती कर्ज आहे, कार्डावर किती उधारी आहे, हे कळणं तिचा हक्कच आहे. कॅलिफोर्निया, टेक्सस, वॉशिंग्टन यांच्यासह नऊ राज्यांत लग्नानंतर एकाने काढलेलं कर्ज सहसा दोघांचं समजलं जातं. म्हणजे क्रेडिट आपोआप मिळत नाही, पण कर्ज मात्र मिळू शकतं!

शॉर्टकट मात्र नको. अनोळखी माणसाच्या कार्डावर पैसे देऊन नाव लावून देणारे, एसएसएनऐवजी भलताच नऊ आकडी नंबर विकणारे इंटरनेटवर सापडतात. त्यांच्या नादी लागलात तर पैसे जातीलच, शिवाय खोटा नंबर वापरणं हा गुन्हा आहे. व्हिसावर राहणाऱ्याने हा धोका घ्यायचाच नाही.

हा हक्क आला कुठून?

अमेरिका म्हणजे पहिल्यापासून बायकांना सगळे हक्क, असं वाटत असेल तर थांबा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या बँका विवाहित बाईला स्वतःच्या नावाने क्रेडिट देताना सर्रास नवऱ्याची सही मागायच्या. बाईचा पगार पूर्ण धरतही नसत.

१९७४ मध्ये समान क्रेडिट संधी कायदा तयार होत होता. मसुद्यात भेदभावाची इतर कारणं होती, पण बाई असणं आणि लग्न झालेलं असणं ही कारणं नव्हती. लुइझियानाच्या खासदार लिंडी बॉग्ज तेव्हा त्या समितीवर होत्या. त्यांनी ते शब्द स्वतःच्या हाताने मसुद्यात लिहिले, त्याच्या फोटोकॉपी काढल्या आणि बाकीच्या सदस्यांना वाटल्या. वर गोड शब्दांत सांगितलं की, हे नजरचुकीनेच राहून गेलं असणार! ते शब्द कायद्यात राहिले.

आज याच कायद्याच्या नियमांनुसार, नवऱ्याच्या खात्यावर बायकोला वापराची परवानगी असेल आणि बँक ब्युरोला माहिती देत असेल, तर ती दोघांच्याही नावाने दिली पाहिजे. म्हणजे पहिली पायरी ही बँकेची मेहेरबानी नाही, त्यामागे कायदा आहे. इमिग्रेशनचा दर्जा बँक विचारू शकते, पण बाई आहे किंवा विवाहित आहे म्हणून नकार देऊ शकत नाही.

आणि उद्या काही झालं तर?

लग्न ठरताना हे बोलायला कुणालाच आवडत नाही. अशुभ वाटतं. पण नोकऱ्या जातात, माणसं आजारी पडतात, अपघात होतात, लग्नं मोडतात. नवरा गेला तर त्याच्या खात्यावरचं अ‍ॅड-ऑन कार्ड बायकोला वापरता येत नाही. ज्या आठवड्यात तिला सगळ्यात जास्त गरज असते, त्याच आठवड्यात ते कार्ड बंद होतं. वेगळं व्हायची वेळ आली तर घर भाड्याने घ्यायला स्कोअर लागतो. तो त्या दिवशी बनवता येत नाही. त्याला महिने लागतात.

काही घरांत हे मुद्दाम केलं जातं. बायकोच्या नावावर काहीच होऊ द्यायचं नाही, पासवर्ड द्यायचे नाहीत, प्रत्येक डॉलरचा हिशेब मागायचा. हाही छळाचाच एक प्रकार आहे. घरात हिंसाचार सोसणाऱ्या एच-४ वरच्या जोडीदाराला स्वतंत्र वर्क परमिट मागण्याची तरतूद तिकडच्या कायद्यात आहे. न्यू जर्सीत १९८५ पासून ‘मानवी’ ही संस्था दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करते. मैत्रीण निघाली असेल तर हे नाव तिच्या फोनमध्ये असू द्या. लागू नये, पण असू द्या.

बहुतेक घरांत मात्र वाईट हेतू नसतो, फक्त आळस असतो. ‘बघू नंतर’ म्हणत चार वर्षं जातात. मग घर घ्यायची वेळ येते, गृहकर्जात दोघांची नावं लावायची तर बायकोची कोरी फाइल आड येते, आणि शेवटी कर्ज एकट्याच्या नावावर होतं. कुणी ठरवलेलं नसतं, तरी तसंच होतं.

निघण्यापूर्वी इथे करायची कामं

• सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो काढा, चुका दुरुस्त करून घ्या.

• इथलं कार्ड, लोन थकवून जाऊ नका. अमेरिकन एक्सप्रेसने २०१९ मध्ये नोव्हा क्रेडिट या कंपनीबरोबर नवागतांसाठी सोय सुरू केली, त्यात अर्ज करताना मायदेशातली क्रेडिट हिस्टरी दाखवता येते. त्या देशांत भारतही आहे. इथली पत जपली तर कदाचित तिथे तिचा हात मिळेल.

• इथला मोबाइल नंबर चालू ठेवा. बँकेचे ओटीपी त्यावरच येणार.

• पासपोर्टवरचं नाव आणि मॅरेज सर्टिफिकेटवरचं नाव जुळतं का ते पाहा.

• ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याला तीन प्रश्न विचारा: मी आले की कुठल्या कार्डावर माझं नाव लावशील? पहिलं टॅक्स रिटर्न भरताना माझा आयटीआयएन मागायचा का? आणि माझं स्वतःचं कार्ड कधी काढायचं?

तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर घाबरू नका, बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. त्याला हा लेख पाठवा आणि पुढच्या व्हिडिओ कॉलवर परत विचारा. हनिमून कुठे जायचं यावर दोन तास बोलता ना, मग यावर वीस मिनिटं सहज निघतील.